मंडळी आणि मंडळ

मराठी बायबलमध्ये ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी ‘मंडळी’ हा शब्द आला. घरातल्या माणसांना मंडळी म्हणतात, पंगतीला बसलेल्यांना म्हणतात, कीर्तनाला जमलेल्यांनाही म्हणतात. त्याच मुळापासून आलेला ‘मंडळ’ हा शब्द मात्र ठराव, शिक्का, खजिनदार आणि कार्यालय डोळ्यांपुढे उभे करतो. या दोन शब्दांच्या मध्ये भिंत घालणारा एक पक्ष ख्रिस्ती समाजात गेली साडेतीनशे वर्षे पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: येशूने संस्था स्थापली नाही, सोबती जमवले. पहिले विश्वासणारे घरोघरी भाकर मोडत. पुढे बिशप आले, इमारती आल्या, घटना आणि निवडणुका आल्या, आणि चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टन्टाईनच्या आश्रयाखाली मूळ जिव्हाळा संपला. तेव्हा ज्याला खरी सहभागिता हवी त्याने चर्चच्या बाहेर पडावे आणि दहाबारा जणांच्या घरगुती संगतीत परतावे.

या मांडणीतली तक्रार खरी आहे. तिचा इतिहास चुकीचा आहे आणि तिचा निष्कर्ष घातक आहे.

तक्रार खरी आहे, कारण मोठ्या शहरी चर्चमध्ये वीस वर्षे एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांना एकमेकांच्या घरातले दुःख माहीत नसते. पंचकमिटीची सभा मालमत्तेवर तीन तास चालते आणि शेवटची प्रार्थना दोन मिनिटांत आटोपते. विश्वस्तपदासाठी भाऊ भावाविरुद्ध कोर्टात जातो. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि ही खंत आजची नाही. फिलिप याकोब श्पेनर या ल्यूथरन पाळकाने 1670 मध्ये फ्रँकफुर्टला याच कोरडेपणाला उत्तर म्हणून काही जणांना आपल्या घरी वाचनासाठी आणि प्रार्थनेसाठी बोलावायला सुरुवात केली. 1675 मध्ये त्याने ‘पिया देसिदेरिया’ लिहिले आणि त्यातून पायटिझम ही सबंध चळवळ उभी राहिली. घरगुती संगतीचे समर्थक श्पेनरला आपला पूर्वज मानतात. पण त्याच्या वर्तुळातले काही जण प्रभुभोजनाला यायचे थांबले आणि वेगळे झाले, तेव्हा श्पेनर त्यांच्याबरोबर गेला नाही. त्याने त्यांच्याविरुद्ध लिहिले. त्याच्या कल्पनेत छोटी संगती मोठ्या मंडळीच्या पोटात होती. ती मंडळीला जागी करणार होती, तिची जागा घेणार नव्हती. पूर्वज मानायचा तर त्याचा हा अर्धा भाग गाळता येत नाही.

आता इतिहास. यरुशलेमची पहिली मंडळी ही जिव्हाळ्याच्या संगतीचा नमुना म्हणून सांगितली जाते. सगळे एकत्र, सगळे समाईक, घरोघरी भोजन. पण प्रेषितांच्या कृत्यांचे पुस्तक या चित्रावर थांबत नाही. सहाव्या अध्यायात तक्रार येते: रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा सुटून जातात. कोणी त्यांना मुद्दाम उपाशी ठेवले, असे तिथे म्हटलेले नाही. त्या फक्त कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. वाटणाऱ्यांची भाषा वेगळी होती, नातीगोती वेगळी होती, ज्यांच्या घरी येणेजाणे होते त्यांच्या ताटात अन्न पडत होते. प्रेषितांनी यावर ‘अधिक प्रेम करा’ असा उपदेश करून विषय संपवला नाही. त्यांनी सात माणसे निवडायला लावली, त्यांच्यावर हात ठेवले आणि काम त्यांच्याकडे सोपवले. सातांची नावे स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव अशी आहेत. सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप दिले गेले.

ख्रिस्ती इतिहासातली संस्थात्मक रचनेची ही पहिली मोठी नोंद आहे: निवड, नेमणूक, ठरलेले काम, जबाबदार माणसे. तिचा जन्म सत्तेच्या हव्यासातून झाला नाही. जिव्हाळ्याला जे दिसत नव्हते ते दिसावे म्हणून ती आली. जिव्हाळा जवळच्याला पाहतो, आणि तो त्याचा गुण आहे. पण जवळ नसलेली विधवा यादीत नाव असल्याशिवाय जेवत नाही. घरगुती संगतीचा पक्ष हा सहावा अध्याय वाचतो तरी कसा, हा प्रश्न त्याला प्रत्येक वेळी विचारला पाहिजे.

करिंथचे उदाहरण याहून कठोर आहे. तिथे मंडळी घरातच जमत होती. इमारत नव्हती, पगारी पाळक नव्हता. पौल आपल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात या मंडळीला झापतो, कारण प्रभूच्या भोजनात काही जण आधीच जेवून घेतात, काही जण पिऊन धुंद होतात आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उपाशी राहतात. रोमन घराच्या भोजनगृहात साधारण नऊ माणसांची बसण्याची सोय असे. यजमानाचे बरोबरीचे मित्र आत आणि उशिरा सुटणारे मजूर व गुलाम बाहेर चौकात, असे घडत असावे, हा अभ्यासकांचा तर्क पटण्यासारखा आहे. घर हे तटस्थ ठिकाण कधीच नसते. त्याला मालक असतो, त्याची पायरी असते, आणि त्या पायरीवर कोण संकोचाने थबकतो हे आत बसलेल्यांना कळत नाही. सार्वजनिक उपासनागृहाच्या दारात उभे राहताना कोणाच्या आमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही, ही त्या दगडविटांची मोठी कमाई आहे.

सिरियातल्या दुरा-युरोपोस इथे उत्खननात सापडलेले घर या संदर्भात बोलके आहे. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातले हे साधे राहते घर. ख्रिस्ती लोकांनी दोन खोल्यांमधली भिंत काढून मोठी जागा केली, एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधले, भिंतींवर चित्रे काढली. 256 च्या सुमारास वेढ्यात शहर पडले आणि घर मातीखाली गाडले गेले, म्हणून ते टिकले. कॉन्स्टन्टाईन अजून जन्मलाही नव्हता. घरातल्या संगतीने स्वतःच्याच हाताने भिंत काढली होती, कारण तिला घर पुरत नव्हते.

कॉन्स्टन्टाईनवर सगळा दोष टाकणारा युक्तिवाद इथेच कोसळतो. त्याचा सहिष्णुतेचा काळ 313 पासूनचा. त्याच्या कितीतरी आधी लिहिलेल्या ‘दिदाखे’ या छोट्या नियमपुस्तकात फिरत्या संदेष्ट्याने किती दिवस राहावे, कोणता संदेष्टा खोटा समजावा याचे नियम आहेत: तीन दिवस राहिला तर खोटा, पैसे मागितले तर खोटा. त्याच पुस्तकात बिशप आणि डीकन निवडण्याची सूचना आहे. आणि 251 च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याने लिहिलेल्या पत्रातला एक आकडा इतिहासकार युसेबियसने जपून ठेवला आहे: 46 प्रेस्बिटर, 7 डीकन, 7 उपडीकन, 42 सहायक, याखेरीज वाचक आणि द्वारपाल, आणि मंडळीच्या आधाराने जगणाऱ्या विधवा व गरजवंत 1500 हून अधिक. हा काळ छळाचा होता. डेसियस बादशहाच्या आज्ञेमुळे माणसे मरत होती. राजाश्रय नव्हता, होती ती राजाची धास्ती. अशा काळात 1500 पोटांची जबाबदारी घेणारी मंडळी पदे, याद्या आणि खजिना यांच्याशिवाय चालली असती, असे कोणी मानत असेल तर त्याने एक महिना पन्नास विधवांचे धान्य आठवणीच्या भरवशावर वाटून पाहावे.

संस्था नसली म्हणजे सत्ता नसते, हा या पक्षाचा सगळ्यात मोठा भ्रम. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा माणूस येतो. त्याला पहिला मान हवा असतो. तो आलेल्या भावांना आत घेत नाही आणि जे घेतात त्यांना मंडळीबाहेर काढतो. त्याला कोणती पदवी होती हे पत्रात सांगितलेले नाही. छोट्या मंडळीत पदवी लागतही नाही. आवाज चढा असला, घर स्वतःचे असले किंवा बायबलचे पाठांतर दांडगे असले की पुरते. संस्थेतल्या अधिकाऱ्याला मुदत असते, त्याच्या अधिकाराची हद्द लिहिलेली असते, त्याच्याविरुद्ध अपील करता येते. दिवाणखान्यातल्या अधिकाऱ्याविरुद्ध अपील कुठे करायचे?

प्लिमथ ब्रदरन या चळवळीने हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात स्वतःवरच तपासून पाहिला. 1820 च्या दशकाच्या अखेरीस डब्लिनमध्ये आणि मग प्लिमथमध्ये जमलेल्या या लोकांनी पाळकपद नाकारले, पंथाचे नावही नाकारले. भाकर मोडायला जमलेले भाऊ एवढीच त्यांची ओळख होती. त्यांचा भक्तिभाव अस्सल होता, वचनाचा अभ्यास सखोल होता. पण वीस वर्षांच्या आत, 1848 मध्ये, जॉन नेल्सन डार्बी आणि बेंजामिन न्यूटन यांच्या वादातून ही संगती दुभंगली. ब्रिस्टलच्या बेथेस्दा मंडळीने न्यूटनच्या गटातल्या काहींना प्रभुभोजनाला घेतले, म्हणून डार्बीने त्या मंडळीशी संबंध तोडला, आणि तिच्याशी संबंध ठेवणाऱ्या सगळ्यांशीही तोडला. न्याय करायला सिनॉड नव्हता, दोन्ही बाजू ऐकायला कोणी नेमलेला नव्हता; उरला तो एका प्रभावी माणसाचा शब्द. त्याच बेथेस्दा मंडळीतल्या जॉर्ज म्यूलरचे नाव आज जगाला माहीत आहे ते मात्र एका संस्थेमुळे. ब्रिस्टलच्या ॲशली डाउनवर त्याने बांधलेल्या अनाथगृहांत त्याच्या हयातीत दहा हजारांच्या वर मुले वाढली. त्या कामाचा जमाखर्च वर्षानुवर्षे छापून प्रसिद्ध होत असे. प्रार्थनेने पैसे येतात अशी त्याची श्रद्धा होती, आणि आलेल्या प्रत्येक पैशाची नोंद ठेवणे हा त्याच श्रद्धेचा भाग होता.

जिव्हाळा आणि व्यवस्था एकमेकांना कसे जन्म देतात याचे सर्वांत सुंदर उदाहरण मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या ब्रिस्टलचे आहे. तिथल्या ‘न्यू रूम’ या सभागृहावर कर्ज होते. 1742 च्या फेब्रुवारीत ते फेडण्याची चर्चा सुरू असताना एका कप्तानाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणाले, कित्येकांना तेवढेही परवडत नाही. त्यावर तो म्हणाला, मग सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमले नाही तर मी भरीन. असे बाराबाराचे गट पडले आणि प्रत्येक गटाचा पुढारी दर आठवड्याला घरोघरी जाऊ लागला. गेला होता पेनी गोळा करायला; पण उंबऱ्यावर त्याला नवऱ्याची दारू दिसली, आजारी मूल दिसले, तुटत चाललेला विश्वास दिसला. वेस्लीला हे कळले आणि वर्गणीच्या त्या गटांतून ‘क्लास मीटिंग’ घडली. पुढे शंभर वर्षे ती मेथडिस्ट जीवनाचा कणा होती. स्त्रियाही या वर्गांच्या पुढारी झाल्या. दर तीन महिन्यांनी सभासदत्वाची चिठ्ठी मिळे, वागणूक बिघडली तर ती मिळत नसे. इमारतीचे कर्ज, वर्गणीची वही आणि सभासदत्वाची चिठ्ठी, म्हणजे ज्या तीन गोष्टींना घरगुती संगतीचा पक्ष मृत धर्माची लक्षणे म्हणतो, त्यांच्याच पोटी प्रॉटेस्टंट इतिहासातली सर्वांत जिवंत छोटी संगती जन्माला आली.

भारतात या वादाला एक परिमाण आहे, ते युरोपच्या पुस्तकांत सापडत नाही. इथे जवळीक जातीच्या वाटेने येते. माणसे मनाजोगत्या दहाबारा जणांची संगती निवडू लागली की त्या दहाबारांची आडनावे पाहावीत. तंजावर आणि मद्रासकडच्या जुन्या मंडळ्यांत वरच्या जातीचे वेल्लाळ ख्रिस्ती आणि अस्पृश्य मानलेले परैयर ख्रिस्ती वेगळे बसत, प्रभुभोजनालाही वेगळे येत. त्या बसण्यात बसणाऱ्यांना आपुलकीच वाटत होती. आपली माणसे आपल्याजवळ. 1833 मध्ये कलकत्त्याचा बिशप डॅनियल विल्सन याने परिपत्रक काढून मंडळीतले जातिभेद ताबडतोब आणि कायमचे बंद करण्याचा हुकूम दिला. अनेक वेल्लाळ कुटुंबे चिडून बाहेर पडली. विल्सनचा स्वभाव हुकमी होता आणि त्याचे मन वसाहतकाळाचे होते, हे खरेच. पण एका पेल्यातून पिण्याचा आग्रह त्या दिवशी परिपत्रकाने धरला आणि वेगळ्या रांगेचा आग्रह जवळिकीने धरला. अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत मुख्यतः महार आणि मांग समाजांतली माणसे आली, आणि त्यांच्याच पंगतीला काही ब्राह्मण कुटुंबे आली. त्यांपैकीच एका कुटुंबातल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःच्या मनातला विटाळ कसा गळून पडला ते निर्भीडपणे सांगितले आहे. ती पंगत त्यांनी आवडीने निवडलेली नव्हती. ती त्यांच्या वाट्याला आली, आणि म्हणूनच तिने त्यांना बदलले.

त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचे नाव या वादात दुसऱ्या बाजूने हमखास घेतले जाते. वीस वर्षांहून अधिक काळ मिशनमध्ये राहिलेल्या या कवीने 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणारे, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेलेही, एका कुटुंबासारखे जमावेत ही त्यामागची ओढ होती. परकी पैसा, परकी पद्धत आणि पगारी धर्मसेवा यांविषयी टिळकांची वेदना खोल होती, आणि ती रास्तही होती. पण 9 मे 1919 रोजी ते वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. एका माणसाच्या तेजाने जमलेली संगती त्या तेजाबरोबर विझली. टिकली ती त्यांची गाणी. ती ‘उपासना संगीता’त छापली गेली, रविवारच्या उपासनेच्या क्रमात बसली, गावोगावच्या मंडळ्यांनी पेटीच्या सुरावर ती पिढ्यान्‌पिढ्या म्हटली. आज एखाद्या खेड्यातली निरक्षर म्हातारी टिळकांचे भजन तोंडपाठ म्हणते, ते त्या कोरड्या म्हणवल्या जाणाऱ्या मंडळीमुळे. टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी हा धडा ओळखला असावा. 1922 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ख्रिस्त सेवा संघात इंग्रज आणि भारतीय एकत्र राहत, जमिनीवर बसून जेवत. पण त्या जीवनाला लिखित नियम होता आणि तो संघ अँग्लिकन मंडळीच्या आतच होता.

भारतीय भक्ती ही मुळातच संस्थामुक्त असते, तेव्हा भारतीय ख्रिस्ती जीवनही तसेच असावे, असा दाखला टिळकांच्या नावाने दिला जातो. आषाढी वारी पाहिलेला माणूस हे मान्य करणार नाही. ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या रथापुढे 27 दिंड्या असतात, प्रत्येकीचा क्रमांक आणि जागा ठरलेली असते, विणेकरी ठरलेला असतो, आणि चोपदाराने चोप उंचावला की एवढा समुदाय क्षणात शांत होतो. ही शिस्त साताऱ्याजवळच्या आरफळच्या हैबतबाबांच्या परंपरेतून आली. लाखो माणसांना ‘माउली’ म्हणून एकमेकांच्या पाया पडता येते, ते फडांची आणि दिंड्यांची ही रचना खाली भक्कम आहे म्हणून.

पंडिता रमाबाईंनीही कोणत्या एका पंथाचे जू मानेवर घेतले नाही. अँग्लिकन धर्मभगिनींशी त्यांनी सिद्धान्तांवर वाद घातले; केडगावला 1905 मध्ये जे आत्मिक जागरण झाले ते बायकामुलींच्या प्रार्थनागटांतून झाले. जिव्हाळ्याच्या संगतीचे याहून उत्कट चित्र मराठी मुलखात नाही. पण त्या मुली केडगावला पोचल्या कशा? 1896-97 च्या आणि नंतरच्या दुष्काळात रमाबाईंनी त्यांना शेकड्यांनी गोळा करून आणले, विहिरी खणल्या, शेती केली, शाळा आणि छापखाना चालवला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले त्यांचे मराठी बायबल 1922 मध्ये त्या गेल्यावरही थांबले नाही. 1924 मध्ये ते छापून पूर्ण झाले, कारण मागे छापखाना होता, खिळे जुळवायला शिकलेल्या बाया होत्या आणि काम चालू ठेवणारी केडगावची ‘मुक्ती’ ही संस्था होती.

एक आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. संस्थेने पाप झाकले आहे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्यूरीने सहा धर्मप्रांतांतल्या सुमारे तीनशे धर्मगुरूंनी हजारांहून अधिक मुलांवर केलेले अत्याचार उघड केले, आणि ते वरिष्ठांनी कसे दडवले हेही. याचे समर्थन करणाऱ्याला ख्रिस्ताचे नाव घेण्याचा अधिकार नाही. पण हे उघड झाले त्यात धर्मप्रांतांच्याच गुप्त कपाटांतल्या कागदांचा मोठा वाटा होता: बदल्यांची पत्रे, तक्रारींच्या नोंदी, सह्या. कागदाने गुन्हा लपवला आणि कागदानेच तो पकडून दिला. ज्या संगतीत नोंद नसते तिथे असेच घडले तर पीडित मुलीजवळ तिच्या शब्दाखेरीज काहीच उरत नाही, आणि तो शब्द ती ज्यांच्यापुढे उच्चारणार ते सगळे आरोपीचे जिवलग असतात.

जर्मनीचेही तसेच. प्रॉटेस्टंट चर्चचा मोठा भाग हिटलरपुढे वाकला, हे संस्थेचे भयंकर अपयश. पण मे 1934 मध्ये बार्मेनला त्याविरुद्ध जी घोषणा झाली ती ल्यूथरन, रिफॉर्म्ड आणि युनायटेड मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या सिनॉडने, चर्चा आणि ठराव करून केली. पाळक डीट्रिख बोनहोफरची फिंकेनवाल्डची सेमिनरी, जिच्या निकट सहजीवनाचे दाखले घरगुती संगतीवाले आवडीने देतात, ती या घोषणेवर उभ्या राहिलेल्या कन्फेसिंग चर्चने चालवली होती. 1937 मध्ये गेस्टापोने ती बंद केल्यावर बोनहोफरने त्या सहजीवनावर पुस्तक लिहिले, आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात इशारा दिला की आदर्श संगतीच्या स्वप्नावर जो प्रत्यक्ष माणसांपेक्षा जास्त प्रेम करतो तो ती संगती मोडतो.

राहिली रोजच्या व्यवहारातली बाब, आणि ती किरकोळ नाही. घरगुती संगतीत बारा वर्षे काढलेल्या कुटुंबात मुलीचे लग्न ठरते, तेव्हा 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावण्याचा अधिकार असलेला माणूस आणि विवाहाची नोंदवही लागते. घरात मृत्यू झाला की दफनभूमीत जागा लागते, आणि जागेचे रजिस्टर बहुधा त्याच पंचकमिटीच्या कपाटात असते जिच्या सभांना ते कुटुंब कंटाळून गेले होते. अशा रात्री कमिटीचा सचिव किल्ली घेऊन येतो. मेलेला माणूस शेवटचा चर्चमध्ये कधी आला होता हे तो विचारत नाही. पणजोबाच्या बाप्तिस्म्याची नोंद वहीत सापडली की खड्डा खणायला माणसे पाठवतो.